ज्ञानबामामांची हाळी

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

काल दसरा झाला. दुकानातल्या सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. सासूबाईंनी ह्यांच्या कॅमेऱ्याला हात जोडले आणि तिथंच खाली बसून रडल्या. मी रडले नाही. मला कामं होती.

शिमग्यात हे गेले तेव्हा सगळ्या सेनगावनं मला सांगितलं, दुकान विकून टाक, बाईमाणसाला शूटिंगचा धंदा जमत नसतो. एप्रिल-मेची लग्नं आधीच घेऊन ठेवलेली. मी भाड्याचा कॅमेरावाला लावला आणि मिक्सिंगला स्वतः बसले. जमलं की. बारावी झालेली आहे मी, कुरुंद्याच्या शाळेत गणितात पहिली यायचे. आता राहिलेल्या सीड्या दिवाळीपर्यंत लोकांना द्यायच्या.

काम तसं सोपं आहे. लग्नाच्या व्हिडिओत खरा आवाज कोणालाच नको असतो. तो बंद करायचा आणि वरून सिनेमाची गाणी टाकायची, हीच या धंद्याची रीत. स्क्रीनवर आवाजाची रेष दिसते, उंचवटे दिसतात. ते बघून कुठं कापायचं ते कळतं. ऐकायची गरजच पडत नाही. स्पीकरची वायर मी उन्हाळ्यातच काढून कपाटात टाकली. उगा डोक्याला कटकट.

सासूबाई अधूनमधून विचारतात, एखाद्या कॅसेटीत त्याचं बोलणं असंल का गं. मी सांगते, कॅमेऱ्यामागचा माणूस कॅसेटीत नसतो.

५ ऑक्टोबर, गुरुवार

साखऱ्याहून ज्ञानबामामा आणि शकुमामी आले होते. मेंढरं राखणारी माणसं. चार वर्षांमागं त्यांच्या पोरीचं लग्न ह्यांनी कॅमेऱ्यात काढलं होतं, तेव्हापासूनची ओळख. मामांच्या गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं. गळ्यात गाठ झाली होती, उन्हाळ्यात नांदेडला ऑपरेशन केलं. गाठ गेली आणि तिच्यासंगं आवाजही गेला. आता श्वाससुद्धा गळ्याच्या भोकातून. मामा हातानं सांगतात आणि मामी ते बोलून दाखवतात.

मामी म्हणाल्या, मेंढरं मामांच्या हाळीवर चालतात. सकाळी निघायचं, पाण्यावर जायचं, वाड्यात परत यायचं, सगळं त्या हाळीवर. दुसऱ्या कोणी घसा फाडून ओरडलं तरी ती मान वर करत नाहीत. पोरगा माऊली रोज ओरडून राहिलाय, मेंढरं रोज लोकांच्या तुरीत घुसून राहिलीत. परवा एका शेतवाल्यानं माऊलीला काठीनं मारलं. आता तो म्हणतो, विकून टाकू. दिवाळी झाली की गावातले सगळे कळप चराईला बाहेर निघतात, आणि हाळीबिगर कळप घेऊन परमुलखात जाता येत नाही. तेव्हा दिवाळीनंतरचा व्यापारी माऊलीनं ठरवून टाकलाय.

पुढचं मामींनी सरळ माझ्याकडं बघून सांगितलं.

"मेंढरं गेली की हा मानूस भिंतीकडं तोंड करून बसंल आन तसाच जाईल, ताई. मला म्हाईत हाय. तुमच्या मालकानं लग्नाच्या आदल्या दिशी ह्यांना रानात नेऊन हाळीची शूटिंग काढली व्हती. तेवढी हाळी आमाला काढून द्या."

मी म्हटलं, बघते. मामा निघताना कॉम्प्युटरच्या स्क्रीनला बोट लावून बराच वेळ उभे राहिले. मला उगाचच राग आला. कोणाचा ते माहीत नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

मामींनी लग्नाची सीडी आणून दिली. तिच्यात रान आहे, मेंढरं आहेत, मामा हात तोंडाला लावून हाळी देताना दिसतात, आणि वर सिनेमाचं गाणं वाजतं. दुसरं काय असणार. मूळ कॅसेट बघायचा प्रश्नच नाही, कारण एका लग्नाची कॅसेट पुसून तिच्यावरच पुढचं लग्न काढतात. सगळेच काढतात. त्या कॅसेटीवर आता हट्टा गावातलं कोणाचं तरी बारसं असेल.

मामांची हाळी आपल्याच दुकानात पुसली गेली म्हणायची. मामींना काय सांगावं या विचारात भाकरी करपली.

१० ऑक्टोबर, मंगळवार

ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क कपाटात होती. नवीन कॉम्प्युटरला जोडून बघितली. साखऱ्याच्या नावानं एक मोठी फाईल सापडली! कॅसेटीवरून कॉम्प्युटरमध्ये घेताना मध्येच लाइट गेली असणार आणि फाईल अर्धवट राहिली असणार. ह्यांनी दुसऱ्यांदा सगळं नीट घेतलं आणि ही तशीच पडून राहिली. अशी अर्धी कामं ठेवायची सवयच होती. मी किती बोलायचे त्यावरून.

पण फाईल उघडत नाही. जुन्या कॉम्प्युटरमध्ये व्हिडिओ आत घेणारं जे कार्ड होतं त्याची म्हणून एक वेगळीच भाषा, आणि नव्याला ती येत नाही. चित्र काळं, आवाज शून्य. नांदेडला मोहनसिंगजींना फोन केला. हा कॉम्प्युटर त्यांच्याच दुकानातला, ह्यांचे जुने दोस्त. ते म्हणाले, चित्राचा नाद सोडा, आवाज निघेल. आवाज तपासायचा एक प्रोग्राम आहे, तो आवाजाची रेष मोठी करून दाखवतो, उंच-खोल सगळं मोजतो. सीडी एसटीतून पाठवतो म्हणाले.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सीडी आली. हा प्रोग्राम म्हणजे सोवळ्यातली सासू. एकाच जातीची फाईल घेतो, बाकी कशाला शिवत नाही. आपली फाईल दिली की म्हणतो, ओळखत नाही. सकाळची सगळी लाइट त्यातच गेली. मग मोहनसिंगजींनी फोनवर युक्ती सांगितली. फाईल कच्ची म्हणून दे. मग तो विचारतो, यात आवाजाचे एका सेकंदाला किती तुकडे आहेत, बाजू एकच की डावी-उजवी दोन. खरं म्हणजे हे फाईलीच्या शेंड्यावर लिहिलेलं असतं, पण आपली अर्धवट, तिचा शेंडाच नाही. आपणच सांगायचं.

मी ४४१०० सांगितलं. सीडीला तेवढेच असतात, मी रोज बघते. बाजू एक सांगितली तर रेषेचा नुसता गुंता. दोन सांगितल्यावर रेष नीट दिसायला लागली. कपाटातली वायर काढून स्पीकरला लावली. वाऱ्याचा आवाज, मग हाळी. छातीतून निघून वर वर जाणारी. मामांचीच. एवढं कळलं आणि पुरे म्हणून वायर परत काढली.

हाळी चार वेळा आहे. ती मोठ्या उंचवट्यांत दिसते. मध्ये छोटे उंचवटे आहेत, म्हणजे कोणाचं तरी बोलणं. ते मी बघून बघूनच कापले. एका ठिकाणी हाळीचं शेपूट बोलण्याखाली आलं होतं, तेही गेलं. ऐकत बसायला वेळ कुठं आहे, चारला लाइट जाते.

१४ ऑक्टोबर, शनिवार

साखऱ्याला जाऊन आले. निवडणुकीच्या प्रचारवाल्याकडून खांद्याला अडकवायची भोंग्याची पेटी घेतली. बॅटरीवर चालते, कॅसेट आत बसते. गावाबाहेरच्या माळावर मेंढरं चरत होती. माऊलीनं पेटी खांद्याला घेतली. मामा बाजूला दगडावर बसले. मामींनी पेटीला हात लावून नमस्कार केला, ते मला आवडलं नाही, पण काय बोलायचं.

कॅसेट लावली. मेंढरांनी माना वर केल्या. मग एकेकानं मान खाली घातली आणि चरायला लागली.

परत लावली. तेच. मामी हळूच म्हणाल्या, हाय त्यांचीच, पण सर्दी झाल्यावानी वाटतीय. मामा उठून माझ्याजवळ आले. हात आडवा धरला आणि वर उचलला. परत खाली घेतला, परत वर उचलला. मला वाटलं मोठ्यानं लाव म्हणतात. मी आवाज पूर्ण वाढवला आणि मेंढरं बुजून चहूकडं पळाली. माऊलीला ती गोळा करायला दुपार झाली. मामा मान हलवत राहिले, परत हात वर, परत हात वर. शेवटी त्यांनी हात खाली टाकला आणि जाऊन दगडावर बसले.

माऊली वाईट नाही. मला स्टँडवर सोडायला आला आणि म्हणाला, तुमी लई केलं ताई, पण बापूला उगा आशा नका लावू, तकलीफ त्यालाच व्हते. व्यापारी दिवाळी झाल्यावर गुरुवारी येणार आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

भोंगा चांगला आहे. कॅसेट नवी आहे. बॅटरी भरलेली होती. मग घोडं कुठं अडलं? रागिणीनं विचारलं, आई, मेंढरांना कळतं का खरं माणूस कोणतं आणि कॅसेट कोणती? मी तिच्यावर खेकसले. अभ्यास कर म्हटलं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

मोहनसिंगजींना सगळं सांगितलं. मामांचा हात वर जात होता तेही सांगितलं. ते म्हणाले, तुकड्यांचा आकडा चुकला असेल. कॅमेरा एका सेकंदाला जास्त तुकडे करतो आणि तुम्ही कमी सांगितले, तर तोच आवाज सावकाश निघतो आणि जड होतो. फार नाही, थोडासाच. माणसाला वाटतं, ठीक आहे. मी विचारलं, मग खरा आकडा कोणता? ते म्हणाले, त्या कॅमेऱ्यात दोन होते, ४८ हजार आणि ३२ हजार, कोणता लावला होता ते कॅमेरावालाच जाणे.

मग त्यांनी विचारलं, "साधनाजी, उस रेकॉर्डिंग में और कोई आवाज है क्या? जिसको आप अच्छे से पहचानती हों? उसको सुनके सेट करो. कान से बराबर कोई मशीन नहीं बताएगी."

मी म्हटलं, नाही, दुसरा आवाज नाही. फोन ठेवला. खोटं काहून बोलले, देव जाणे.

१८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी रागिणी शाळेत गेली. सासूबाई मागं भांडी घासत होत्या. दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं. वायर लावली. मूळ फाईल उघडली, न कापलेली.

पहिली हाळी झाली आणि मग बोलणं आलं.

"मामा, अजून एकदा."

हे नव्हेत. मला सणसणीत राग आला. हा कोण? कोणीतरी जाडजूड माणूस झोपेतून उठून बोलल्यासारखा. ह्यांचा आवाज बारीक होता. सगळे चिडवायचे त्यावरून. घाईत बोलायचे, आणि शेवटचा शब्द वर जायचा, विचारल्यासारखा. शूटिंगला प्रत्येकाला असंच म्हणायचे, अजून एकदा, अजून एकदा, लोक वैतागायचे. मी हजारदा ऐकलंय. मला कोण शिकवतंय ह्यांचा आवाज?

आकडा ३२ हजार केला. अजूनच घोगरा, हसू येईल असा. मला हसू आलं नाही. मग ४८ हजार केला. त्यातही एकदा चुकीचं बटण दाबलं.

"मामा, अजून एकदा."

हे होते. बराबर हेच होते. त्या दिवशी पान खाल्लं होतं तेसुद्धा कळत होतं.

मागचं भांड्यांचं वाजणं थांबलं. सासूबाई दारात आल्या, हाताला राख तशीच. त्यांनी दुकानात सगळीकडं बघितलं, शटरकडं बघितलं.

"आला का गं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. त्या हळूहळू खाली बसल्या आणि मग कॉम्प्युटरकडं बोट करून म्हणाल्या, लाव की परत. मी परत लावलं. लाइट जाईपर्यंत तेच केलं. आम्ही दोघी रडलो, शिमग्यापासून पहिल्यांदा एका जागी बसून रडलो. मी इतके दिवस ह्यांना बघून बघून कापत होते. कॅसेटीत कॅमेऱ्यामागचा माणूस असतो. मीच म्हातारीला खोटं सांगितलं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

हाळी नव्या आकड्यावर काढली. जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावून बघितली. रेषेत फरक दिसतो, पण नखाएवढा. कानाला मात्र स्पष्ट कळतो, नवी हाळी वर चढते तेव्हा तारेसारखी ताठ होते. मामा हात वर करून हेच सांगत होते. आवाज मोठा नको होता, उंच पाहिजे होता. ज्याचा होता त्याला कळत होतं आणि मी बटण पिळत बसले.

बोलणं कापायला बसले. पहिल्या हाळीचं शेपूट ह्यांच्या बोलण्याखाली आहे. हे नेहमीचेच घाईत, समोरच्याचं पुरतं होऊ द्यायचे नाहीत. कापलं तर शेपूट तुटतं, आणि मेंढरं शेपटासाठी थांबत असतील तर? म्हणून तेवढं ठेवलं. कामाच्या दृष्टीनं तेच बरोबर आहे. बाकीच्या तीन हाळ्या तुटकच आहेत, वाऱ्यानं खाल्लेल्या, त्या घेतल्या नाहीत. पहिलीच एक कॅसेटभर परत परत भरली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी कशी गेली कळलं नाही. सासूबाईंनी करंज्या केल्या. मी कॉम्प्युटरला तेल लागू नये म्हणून एकाच हातानं खाल्ल्या.

आज पहाटेच्या जीपनं साखऱ्याला गेले. व्यापारी दुपारी येणार होता. माऊलीचं तोंड उतरलेलं. तो म्हणाला, ताई, एकच बार, मग बास. मी म्हटलं, एकच बार.

मेंढरं माळाच्या पल्याड होती. माऊलीनं पेटी खांद्याला लावली. मामा आज बसले नाहीत, माऊलीच्या पुढं चार हात अंतरावर उभे राहिले, मेंढरांकडं तोंड करून. दिवाळीतलं नवं मुंडासं बांधलं होतं.

हाळी वाजली. माळभर गेली. मेंढरांच्या माना वर आल्या, आणि या वेळी खाली गेल्या नाहीत. एक म्हातारी मेंढी आधी निघाली, मग तिच्यामागं सगळीच, पळत, ओरडत, धुरळा उडवत. मामी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मी मोठ्यानं काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही.

मामांनी दोन्ही हात पसरले होते. मेंढरं त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढं निघून गेली. माऊलीकडं, भोंग्याकडं. त्याच्या पायाला घासायला लागली, पेटीकडं तोंड करून ओरडायला लागली. मामा हात पसरून तसेच उभे होते आणि त्यांच्याजवळ एकही मेंढरू नव्हतं. त्यांनी हात खाली घेतले. मागं वळून बघितलं नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही हाळी काढली आणि माणूस रिकामा करून टाकला.

माऊलीच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, तो हसून राहिला होता. मामींच्या लक्षात आलं. त्या मेंढरांतून वाट काढत गेल्या, माऊलीच्या खांद्यावरून पट्टा काढला, आणि पेटी नेऊन मामांच्या गळ्यात घातली. फडक्याला लागू नये म्हणून पट्टा नीट सरकवला.

"ज्याची हाय त्याच्यापाशी ऱ्हाऊ द्या," त्या माऊलीला म्हणाल्या.

मामा थोडा वेळ पेटीवर हात ठेवून उभे राहिले. मी बटण दाखवलं. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं. हाळी त्यांच्या छातीवरून निघाली. मेंढरं वळली. अख्खा कळप वळला आणि मामांच्या भोवती आला, म्हातारी मेंढी त्यांच्या पोटाला डोकं लावून उभी राहिली. मामांचे खांदे हलत होते. गळ्याच्या भोकातून श्वास फडफडत होता, तेवढाच आवाज. मग ते चालायला लागले आणि मेंढरं मागं निघाली. माऊली बघत राहिला. मग म्हणाला, जातो, व्यापाऱ्याला फाट्यावरूनच वापस लावतो, आणि पळत सुटला.

मी आणि मामी माळावर उभ्या होतो. मामा लांब गेले. हाळी यायची, मग "मामा, अजून एकदा," मग परत हाळी, मग परत "मामा, अजून एकदा." त्या मोकळ्या रानात ह्यांचा आवाज इतका स्वच्छ येत होता की मला कुठं बघावं कळेना.

मामींनी विचारलं, मधी कोन बोलतंय ओ ताई? मी म्हटलं, आमचे हे. हाळीला चिकटलंय, निघत नाही. तुम्हाला नको असेल तर कॅसेट आणून द्या, मी कसंतरी कापून देते.

मामी कळप टेकाडाआड जाईपर्यंत तिकडंच बघत राहिल्या.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मेंढरं आता त्यांना बी वळखतील."